कॅटेगॅटलेडेनवरची शेवटची संध्याकाळ

स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्याने गोथेनबर्ग ते हेल्सिंगबोर्ग जाणारा कॅटेगॅटलेडेन हा सायकलमार्ग सुमारे 390 किलोमीटरचा आहे. उत्तरेकडून खाली आलात, तर शेवटचा मुक्काम होगानेसच्या आसपास पडतो. तिथून हेल्सिंगबोर्ग पंचवीसेक किलोमीटर, पुढे 20 मिनिटांची फेरीबोट, पलीकडे डेन्मार्कचं हेल्सिंगोर आणि किनाऱ्याने साधारण 45 किलोमीटरवर कोपनहेगन. तिथून सायकल खोक्यात भरून रात्रीचं विमान पकडायचं असेल तर दुसऱ्या दिवशी वेळ फार उरत नाही, म्हणून बरीच कामं या संध्याकाळीच उरकायची असतात.

एरवी स्वीडनमध्ये घरांपासून दूर एखाद्या रात्रीपुरता तंबू ठोकता येतो. पण होगानेसजवळचा कुलाबेर्ग हा निसर्गासाठी राखीव भाग आहे, तिथले नियम वेगळे. डेन्मार्कात तर हा हक्कच नाही. त्यामुळे आजची रात्र पैसे भरून कॅम्पसाइटवरच काढावी. गरम पाणी, चार्जिंग आणि ओलं वाळत घालायला जागा, तिन्हीची आज गरज असते.

तंबू कुठे लावायचा याचा नीट विचार करा. निरभ्र रात्री तंबूचं कापड आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतं आणि त्यावर दव धरतं. झाडाच्या फांद्यांखाली ते कमी पडतं, खोलगट जागेत सर्वांत जास्त. पूर्वेला मोकळं असेल तर सकाळी ऊन लवकर मिळतं. ओला तंबू तसाच गुंडाळून आणलात, तर सामानाचं वजन वाढतंच, शिवाय घरी पुण्या-मुंबईच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत तो वाळता वाळत नाही आणि आठवड्यात बुरशीचे काळे ठिपके येतात. आतला तंबू सहसा कोरडा असतो. तो सोडवून वेगळ्या पिशवीत भरा.

आता स्टोव्ह. गॅसचा डबा विमानात कुठल्याच सामानात चालत नाही. निम्मा भरलेला असेल तर कॅम्पसाइटच्या स्वयंपाकघरात विचारून ठेवा. पुढच्या कुणाला तरी उपयोगी पडतो. ट्रांगिया या स्पिरिटवर जळणाऱ्या स्टोव्हला जास्त काळजी लागते. बर्नर काठोकाठ भरला तर पंचवीसेक मिनिटं जळतो, म्हणून शेवटच्या जेवणाला अर्धाच भरा. उरलेलं स्पिरिट बर्नर पूर्ण गार झाल्यावरच बाटलीत ओता आणि बाटली शेजारच्या तंबूवाल्याला द्या, मोरीत ओतू नका. मग बर्नर झाकण न लावता रात्रभर उघडा ठेवा. द्रव इंधनाच्या स्टोव्हला विमान कंपनीची परवानगी लागते आणि तो रिकामा करून किमान 6 तास उघडा ठेवलेला हवा. नुसता वास आला तरी काउंटरवर अडवतात. म्हणून सकाळी चहासाठी तो पुन्हा पेटवायचा मोह टाळा. पाव, चीज आणि दही पुरतं.

सगळ्यात महत्त्वाचं काम पेडलचं, कारण सायकल पेडल काढूनच खोक्यात भरायची असते. पेडलचा आस स्टीलचा, तो ज्यात बसतो तो दांडा म्हणजे क्रँक ॲल्युमिनियमचा, त्यात पाऊस आणि खारी हवा. आठवडा-दोन आठवड्यांत आटे गच्च धरतात. विमानतळावर छोट्या पान्याने ते सुटत नाहीत. इथे सायकल दोन्ही चाकांवर उभी आहे, जोर लावता येतो. साखळी पुढच्या सर्वांत मोठ्या चकतीवर घ्या, म्हणजे हात निसटला तरी दात लागत नाहीत. 15 मिमीचा पाना (काही पेडलना 8 मिमीची ॲलन की) वापरा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, पण लक्षात ठेवायला एकच गोष्ट पुरते: पाना पेडलच्या आसावर उभा धरून मागच्या चाकाकडे ढकला, दोन्ही बाजू सुटतात. पूर्ण काढून पुसा, ग्रीस लावा, सुरुवातीचे आटे हातानेच चढवा आणि मग बेताने आवळा. उद्याचे 70 किलोमीटर सैल पेडलवर चालवलेत तर क्रँकचे आटेच जातात.

सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) फ्रेममध्ये जिथे शिरतो तिथे टेपचा एक वेढा द्या, घरी उंची शोधावी लागणार नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यासाठी कोपनहेगनच्या सायकल दुकानात दोन दिवस आधी विचारलेलं असावं. शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी बरीच बंद असतात. डिस्क ब्रेक असतील तर जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे आजच कापून हँडलबॅगेत टाका. चाक काढल्या काढल्या ते ब्रेक पॅडच्या फटीत सरकवायचे. नाहीतर खोक्यात ब्रेकचा लिव्हर दाबला गेला की पॅड ढकलणारे पिस्टन बाहेर येतात आणि घरी डिस्क आत शिरत नाही.