ट्रायल संपली एकदाची!

तर झालं असं की मला गिल्डमध्ये, म्हणजे ऑनलाइन गेममधल्या खेळाडूंच्या एका गटात, घेतलं. गेम वॉव, म्हणजे वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, मी रिस्टो ड्रुइड, म्हणजे हीलर, बाकीच्यांना जिवंत ठेवणारी, आणि गिल्ड मिथिक रेड करणारं, म्हणजे सगळ्यात अवघड पातळीवर टीमने मिळून बॉस, म्हणजे मोठे शत्रू, मारणारं. मिथिकला बरोब्बर २० जण लागतात, एक कमी नाही एक जास्त नाही, त्यामुळे जागा रिकामी झाल्याशिवाय कोणी विचारतसुद्धा नाही.

आधी एक सांगते, नाशिकमधून युरोपच्या सर्व्हरवर खेळायचं म्हणजे पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन यायला लागणारा वेळ, १५० मिलिसेकंदांच्या आसपास. सिडनीचे सर्व्हर पण आहेत पण तिकडे रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे दुपारचे अडीच, आणि तेव्हा माझं ऑफिस चालू असतं, मग काय, युरोप. त्यांचे आठ ते अकरा म्हणजे आपले साडेअकरा ते अडीच, झोपेचं खोबरं झालं तरी नोकरी तरी वाचते.

गिल्डचा इंटरव्ह्यू डिस्कॉर्डवर, म्हणजे गेमर्सच्या चॅट अॅपवर, झाला. माझे लॉग्ज, म्हणजे आधीच्या लढतींच्या नोंदी, बऱ्यापैकी जांभळे होते, म्हणजे चांगल्या स्कोअरचे, मला वाटलं त्याचंच कौतुक होईल, तर गिल्डच्या ऑफिसरने ते बघितलेही नाहीत, सरळ एक वाइप, म्हणजे सगळी टीम मेलेली लढत, उघडला आणि म्हणाला इथे तू कशी मेलीस? मी खरं ते सांगून टाकलं, पाणी प्यायला हात सोडला होता. तो हसला आणि पुढचा प्रश्न, लाईट किती वेळा जाते? मग इन्व्हर्टर आहे, राउटर पण त्याच्यावरच आहे वगैरे सगळं पुराण सांगितलं.

आई दारात उभी राहून ऐकत होती. इंटरव्ह्यू, ट्रायल असले शब्द ऐकून तिला वाटलं नवीन नोकरी. पगार किती गं? म्हटलं आई पगार नाही, आपणच महिन्याला १२.९९ युरो भरतो. ती काही न बोलता आत गेली, त्याचंच जास्त लागलं.

ट्रायल सहा रेडची, बुधवार आणि रविवार. नेरुब-आर पॅलेस चालू होतं, आठ बॉस, आणि आम्ही पाचव्याला अडकलेलो, ओव्हिनॅक्स. त्याच्याकडे अंडी असतात, आणि ज्यांच्यावर खूण येते त्यांनी आपापल्या अंड्यापाशी जाऊन उभं राहायचं, ती फुटून आतून किडे निघतात ते मारायचे. कोणी कुठलं अंडं घ्यायचं ते अॅडऑन, म्हणजे गेमला जोडलेला छोटा प्रोग्राम, स्क्रीनवर सांगायचा, तरी मी एकदा डावीऐवजी उजवीकडे पळाले आणि २० जणांची वाट लागली. कोण होतं म्हणून विचारल्यावर व्हॉइसवर शांतता. माईक चालू करून मी होते म्हणाले, हात इतके गार पडले होते की बटण दोनदा दाबलं गेलं आणि मधला शब्दच गेला, परत बोलावं लागलं 😅

पाचवी रेड रविवारी, २७ ऑक्टोबर २०२४. सव्वाअकराला लॉगिन केलं तर कोणीच नाही. मला वाटलं काढलं आपल्याला, आणि सांगायचे कष्ट पण घेतले नाहीत. कॅलेंडर तीन वेळा बघितलं, मग ट्यूब पेटली की तिकडे त्याच दिवशी घड्याळं तासभर मागे गेलीत! म्हणजे आता साडेबारा ते साडेतीन. आपल्याकडे असली घड्याळाची थेरं नाहीत त्यामुळे डोक्यातच येत नाही.

आणि सहावी बुधवारी रात्री, म्हणजे उजाडता नरकचतुर्दशी. सव्वातीनला ओव्हिनॅक्स पडला, व्हॉइसवर सगळे एकदम ओरडले आणि मी मात्र उशीत तोंड खुपसून, कारण शेजारच्या खोलीत बाबा झोपलेले. ट्रायलबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही, सगळे गुडनाईट म्हणून गेले.

पाचला आईने उठवलं. खरं तर मी झोपलेच नव्हते, पण उठल्याचं नाटक केलं. पाटावर बसले, आई डोक्यावर तेल थापतेय, समोर कारीट ठेवलेलं, बाहेर कोणीतरी पहिली माळ लावली आणि त्या आवाजात फोन वाजलेला कळलाच नाही, फक्त स्क्रीन उजळलेली दिसली. डिस्कॉर्डवर माझ्या नावाचा रंग बदललेला, ट्रायल जाऊन रेडर. खाली त्या ऑफिसरचा एवढाच मेसेज, रविवारी वेळेवर ये, आणि पाणी आधीच पिऊन घे.

मी फोनला हात लावणार तेवढ्यात आईने टपली मारली, तेलकट हात लावू नकोस, आधी आंघोळ!

विचारलं तिने नंतर, चकली तळताना, लागली का मग ती नोकरी? हो म्हटलं.