न फिरणाऱ्या क्रँकचे बोल्ट

फोर्कलिफ्टचे इंजिन उतरवणे आमच्या भोसरीच्या छोट्या वर्कशॉपला नवे नाही. मात्र जाम झालेले इंजिन उतरवणे हे निराळेच प्रकरण आहे, आणि ते का निराळे आहे हे मला दिवाळीनंतर आलेल्या एका तीन टनी डिझेल गाडीने नीट शिकवले.

गाडी चाकणकडच्या एका कारखान्याची होती. काम कमी असल्याने ती जूनपासून उघड्यावर उभी होती आणि उभ्या सायलेन्सरच्या तोंडावर साधा डबाही कोणी पालथा घातला नव्हता. चार सिलिंडरांचे इंजिन कोणत्याही स्थितीत थांबले, तरी एखाद्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बहुधा उघडाच राहतो. पावसाचे पाणी सायलेन्सरमधून मॅनिफोल्डमध्ये आणि तेथून त्या एका सिलिंडरमध्ये उतरते. मग पिस्टनच्या रिंगा लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, गंजाने धरतात. बाकीची तीन सिलिंडरे ठणठणीत असूनही क्रँक, म्हणजे पिस्टनांनी फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, जागची हलत नाही.

इंजिन फिरत नाही एवढ्यावरून ते जाम आहे असे मात्र मानू नये. सेल्फचा (स्टार्टरचा) दातेरी पिनियन फ्लायव्हीलच्या, म्हणजे क्रँकच्या टोकावरच्या जड चाकाच्या, रिंगमध्ये अडकला असेल, हायड्रॉलिक पंप आतून धरला असेल किंवा सिलिंडरमध्ये नुसते पाणी साचले असेल, तरी लक्षण तेच दिसते. म्हणून आम्ही सेल्फ उतरवला, पंपाचे कपलिंग सोडवले आणि डिझेल फवारणारी चारही नोझल काढली. दुसऱ्या सिलिंडरच्या भोकातून तपकिरी पाणी आले, तेव्हा शंका उरली नाही. डिझेल आणि गिअर ऑइल यांचे मिश्रण ओतून गाडी तीन दिवस तशीच ठेवली, नंतर क्रँक पुलीच्या बोल्टवर लांब पाइप लावून दोन्ही दिशांना बेताने जोर दिला. ढिम्म. याहून अधिक जोर लावला असता तर बोल्टच तुटला असता.

आता मुख्य अडचण. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलाद्वारे गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेल्या गाडीत कन्व्हर्टर हा फ्लायव्हीलच्या जागी असलेल्या पातळ पोलादी तबकडीला बोल्टांनी जोडलेला असतो, आणि हे बोल्ट बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या आवरणाच्या, एका छोट्या खिडकीतून एकेक करून सोडवायचे असतात. एक बोल्ट काढायचा, क्रँक थोडी फिरवायची, पुढचा बोल्ट खिडकीसमोर आणायचा, असा तो क्रम. क्रँक फिरतच नसेल तर समोर आलेला एक बोल्ट निघतो आणि बाकीचे आत अंधारात राहतात. क्लचवाल्या गाडीत हा प्रश्न येत नाही, कारण तेथे इंजिन गिअरबॉक्सच्या शाफ्टवरून सरळ मागे ओढता येते.

आमच्या मिस्त्रीकाकांचे म्हणणे होते, "साहेब, आधी जागेवरच हेड काढू. पिस्टन अधेमधे अडकला असेल तर लाकडी ठोकळा ठेवून ठोकून बघू. क्रँक थोडी जरी फिरली, तरी बोल्ट हाती येतील." मला मात्र हेडचा, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाचा, खटाटोप नको होता, कारण मालकाचा फोन रोज येत होता. कन्व्हर्टर इंजिनालाच राहू द्यायचा आणि दोन्ही मिळून गिअरबॉक्सपासून मागे ओढायचे, असा निर्णय मी घेतला. तो अशक्य नव्हता, महाग होता.

मागे ओढण्यासाठी जागा हवी, म्हणून प्रथम काउंटरवेट, म्हणजे गाडीच्या मागचे तोल सांभाळणारे वजन, उतरवावे लागले. दीड टनाच्या पुढचे ते ओतीव धूड बाहेरून हायड्रा क्रेन मागवून उचलले. या टप्प्यावर काळजी घ्यायची ती अशी, की मागचे वजन गेल्यावर पुढे मास्ट (फोर्क वर-खाली नेणारा उभा सांगाडा) असलेली गाडी नाकावर कलंडू शकते. त्यामुळे फोर्क जमिनीला टेकवून आणि मास्टखाली लाकडी ठोकळे देऊनच काउंटरवेटच्या बोल्टला हात लावावा. त्यानंतर बॅटरी, हूड, रेडिएटर, डिझेलच्या नळ्या आणि वायरिंग हे रोजचेच काम होते.

गिअरबॉक्सखाली जॅक दिला, इंजिन चेन पुलीवर दोन हुकांनी टांगले आणि बेल हाउसिंगचे बोल्ट सोडले. कन्व्हर्टरची मान गिअरबॉक्सच्या ऑइल पंपात बसलेली असते आणि आतले शाफ्ट तिच्यात शिरलेले असतात, त्यामुळे इंजिन केसभरही वाकडे न होता सरळ मागे यावे लागते. टांगलेले वजन शाफ्टवर आले तर गिअरबॉक्सचेही काम निघते. काका साखळीची एकेक कडी ओढत होते आणि मी फटीत टॉर्च धरून बसलो होतो. दुपार त्यातच गेली. शेवटच्या दोन इंचांत इंजिन किंचित झुकले, पंपाचा सील फाटला आणि कन्व्हर्टरच्या पोटातले कित्येक लिटर तेल फरशीवर आले. गिअरबॉक्समधले तेल आधी काढले होते, पण कन्व्हर्टरमध्ये स्वतःचे तेल उरतेच, हे मला ठाऊक असूनही खाली ट्रे ठेवायचे सुचले नाही.

बेंचवर हेड उघडले, तेव्हा दुसऱ्या सिलिंडरमध्ये पिस्टन मधोमध अडकलेला होता आणि लायनरवर गंजाचे कडे उमटले होते. काकांनी बाभळीचा ठोकळा ठेवला आणि घणाचे पाच-सहा बेताचे ठोके दिले. पिस्टन खाली सरकला, क्रँक फिरली. हे सगळे गाडीतच अर्ध्या दिवसात झाले असते. लायनर बदलायला इंजिन तसेही उतरवावे लागले असते, पण तेव्हा कन्व्हर्टर आपल्या जागी राहिला असता आणि इंजिन एकटेच सुखाने बाहेर आले असते.

काका काही बोलले नाहीत. त्यांनी फरशीवर लाकडाचा भुसा टाकला आणि चहा मागवला. बिल करताना सील, गिअरबॉक्सचे तेल आणि एक दिवसाची मजुरी मी वगळली. गाडी परत गेली, तेव्हा सायलेन्सरवर काकांनी तुपाचा रिकामा डबा पालथा घालून तारेने बांधला होता.