पैसे लागतात ते आत्ता, पाऊस नसताना

आमच्या सिंहगड रोडच्या बाजूला एक छोटी संस्था आहे, आपत्तीत मदत करणारी. मी काही वर्षं जमेल तशी तिथे जाते आणि त्यांच्या कामाबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. नाव मुद्दाम देत नाहीये, कारण अशा संस्था पुण्यात बऱ्याच भागांत आहेत, काही तर गणेश मंडळांच्या पोरांनीच उभ्या केल्यात, आणि मी जे सांगणार आहे ते त्या सगळ्यांनाच लागू आहे. पैसे लागतात ते आत्ता, पाऊस नसताना, आणि येतात ते टीव्हीवर पाणी दिसायला लागलं की. या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही म्हणून ही माणसं दरवर्षी मे महिन्यात टेन्शनमध्ये असतात.

पुण्यात पूर म्हटलं की जुनी माणसं 12 जुलै 1961 सांगतात, पानशेत धरण फुटलं तो दिवस. पण आमच्या पिढीनेही कमी बघितलेलं नाही. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पाणी आलं, कात्रजपासून सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पुलापर्यंत लोकांच्या घरात घुसलं, माणसं गेली, गाड्या एकमेकांवर चढलेल्या होत्या. आणि 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून 35 हजार क्युसेकच्या वर पाणी सोडलं तेव्हा सिंहगड रोडच्या एकता नगरीत पार्किंग भरून तळमजल्यावर पाणी, लष्कराला बोलवावं लागलं. नदीपात्रातला भिडे पूल पाण्याखाली गेला की आपण फोटो टाकतो, पण नदीकाठच्या लोकांची तोवर सामान माळ्यावर चढवायची धावपळ चालू झालेली असते.

बाहेरच्यांना वाटतं मदत म्हणजे फूड पॅकेट आणि बिस्लेरी. ते पहिले दोन दिवस. त्यात कोणीच कमी पडत नाही, खरं सांगायचं तर जास्तच होतं, एकाच गल्लीत तीन तीन ठिकाणची खिचडी येते. खरं काम तिसऱ्या दिवसापासून, जेव्हा पाणी उतरतं, गाळ राहतो आणि गर्दी पांगते.

सोसायटीची अंडरग्राउंड टाकी घ्या. पुराचं पाणी नुसतं नदीचं नसतं, त्यात ड्रेनेज मिसळलेलं असतं आणि ते झाकणातून टाकीत उतरतं. ते सगळं उपसायचं, तळाचा गाळ घमेल्याने वर काढायचा, भिंती घासायच्या, ब्लीचिंग टाकून धुवायची, परत उपसायची, मग भरायची. टाकीत उतरायच्या आधी झाकण बराच वेळ उघडं ठेवून हवा खेळवावी लागते, आणि उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन माणसं हे ठरलेलं आहे, त्यात तडजोड नाही. आमच्या संस्थेकडे डिझेलवर चालणारे पंप आहेत, कारण मीटर बुडालेले असतात, लाइट नसते. आता हा पंप गढूळ पाणी ओढून ओढून दमतो, त्यात वाळू जाते, पाइपाला चिरा पडतात, आणि पावसाळा संपल्यावर तो उघडून साफ करून सर्व्हिसिंग केलं नाही तर पुढच्या जुलैत ऐनवेळी दोरी ओढत बसायचं. हे सर्व्हिसिंग होतं डिसेंबर-जानेवारीत. त्या महिन्यात पंपासाठी पैसे द्या म्हटलं तर लोक बघतच राहतात, कसला पंप, आत्ता कुठे पूर आहे?

दुसरं काम कागदपत्रांचं, आणि माझा जास्त वेळ त्यातच जातो. एका वस्तीत एक काकू खाटेवर सगळे कागद पसरून बसल्या होत्या. रेशनकार्डाची पानं एकमेकांना चिकटलेली, आधार लॅमिनेट केलेलं पण कडेने पाणी शिरून आतली शाई पसरलेली, मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला तर हात लावला की तुटत होता. असे कागद ओढून सोडवायचे नाहीत, उन्हात तर अजिबात नाही, वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये ठेवून पंख्याखाली सावकाश सुकवायचे आणि जमेल तेवढ्याचा लगेच फोटो काढून ठेवायचा. तो दाखला आम्ही वाचवला. बाकीच्यासाठी महा ई-सेवा केंद्र, शाळा, बँक, सगळीकडे त्यांच्याबरोबर कोणीतरी जावं लागतं, कारण धुणीभांडी करणाऱ्या बाईने चार दिवस रांगेत घालवले तर तिचे चार घरचे खाडे होतात. संस्था रिक्षाचे पैसे देते, झेरॉक्सचे देते, फी भरते. रक्कम बारीक बारीक असते पण दीडशे घरं म्हटली की बघा.

आणि एक गोष्ट जाता जाता सांगते, उपयोगी पडेल. घरात पाणी शिरलं तर साफसफाईच्या आधी फोटो काढा, भिंतीवरची गाळाची रेघ, भिजलेला फ्रीज, गाद्या, सगळ्याचे, दारावरचा घर नंबर दिसेल असे. पंचनाम्याला तेच लागतं. लोक बिचारे आधी घर लख्ख करतात आणि मग दाखवायला काही उरत नाही.

पूर नसतानाही संस्था बंद नसते. वस्तीत शॉर्टसर्किट किंवा सिलिंडरने आग लागते, एका रात्रीत पाच-सात खोल्या जातात, त्याची बातमी पेपरात दोन ओळींची. तिथे भांड्यांचा संच, चादरी, पोरांचे गणवेश आणि वह्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोचवायच्या असतात. शिवाय वॉकर, व्हीलचेअर, कमोड खुर्ची असं रुग्णोपयोगी साहित्य अनामत घेऊन वापरायला देतात, अनामत परत मिळते. शाळांमध्ये प्रथमोपचार आणि सीपीआर शिकवतात. लांबही जातात. 2025 च्या सप्टेंबरमध्ये सीना नदीला पूर आला, सोलापूर-धाराशिवकडे शेतंच्या शेतं खरवडून गेली, तेव्हा इथून सगळे किराण्याचे किट भरत होते आणि तिकडून फोन येत होते की ताई आम्ही भागवू कसंतरी, जनावरांना चारा नाहीये, चारा पाठवा. आता कोणी पैसे दिले असतील तर त्याचा मुरघास, म्हणजे जनावरांसाठी मुरवून साठवलेला चारा, घेता येतो. तांदूळ दिला असेल तर नाही घेता येत.

म्हणून जुन्या कपड्यांचं एकदा स्पष्ट बोलते, राग मानू नका. फाटके, डाग पडलेले, चेन तुटलेले कपडे पाठवू नका. ज्याचं घर वाहून गेलंय त्यालाही मान आहे. त्यातून ते निवडायला आमची दहा माणसं दिवसभर अडकतात, आणि उरलेलं टाकायला टेम्पोचं भाडं संस्थेलाच द्यावं लागतं. द्यायचेच असतील तर नवीन आतले कपडे, टॉवेल, चादरी, सॅनिटरी पॅड द्या, हे कायम कमी पडतं.

आणि पैसे. लोक म्हणतात आमचे पैसे गरजूंना जाऊ देत, भाड्याला नको. पण गोडाऊनच नसेल तर सामान ठेवणार कुठे, डिझेल नसेल तर ते पोचणार कसं? मला वाटतं भाड्याला दिलेले पैसे हेही गरजूलाच दिलेले असतात. दर महिन्याला दोनशे-पाचशे ठरवून दिलेत तर त्यांना वर्षाचा हिशोब मांडता येतो, जुलैत एकदम मोठी रक्कम आली तर तेव्हा सगळ्याच वस्तू महाग झालेल्या असतात. कुठेही द्यायच्या आधी धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी विचारा, ऑडिट रिपोर्ट मागा, चांगली संस्था आनंदाने दाखवते. 80जी म्हणून ओळखली जाणारी देणगीवरची इन्कम टॅक्सची सवलत जुन्या करपद्धतीतच मिळते, साधारण ट्रस्टला दिलेल्या रकमेच्या 50 टक्के, तीही मर्यादेत, आणि 2000 रुपयांच्या वर रोख दिलं तर मिळत नाही, म्हणून यूपीआय किंवा चेकच बरा. परदेशातल्या भाच्यांना द्यायचं असेल तर पासपोर्ट भारतीय आहे का ते आधी बघा. नागरिकत्व बदललेलं असेल तर एफसीआरए नोंदणी (परदेशी देणग्या घ्यायला लागते ती) नसलेल्या संस्थेला त्यांचे पैसे घेता येत नाहीत, आमची त्यातलीच आहे.

सध्या सगळ्यात निकड जागेची आहे. गोडाऊनचा 11 महिन्यांचा करार मे अखेर संपतोय आणि मालकांना ती जागा मुलाच्या धंद्यासाठी हवी आहे, त्यांचंही बरोबर आहे, इतकी वर्षं कमी भाड्यात दिली. वडगाव, धायरी, आनंदनगर, दत्तवाडी या पट्ट्यात तळमजल्यावर कोरडी खोली किंवा पत्र्याची शेड असेल, टेम्पो आत वळेल अशी, आणि निळ्या पूररेषेच्या (नदीकाठची पुराची आखलेली हद्द) बाहेर, तर मला सांगा. शटर नीट असावं, लाइटचं कनेक्शन असावं, बाकी रंगरंगोटी पोरं स्वतः करतील. भाडं थोडं कमी करता आलं तर फार बरं होईल, पण फुकट मागत नाहीये. पंप, दोर, चादरींचे गठ्ठे हलवायला दोन रविवार लागतील, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जागा ठरायला हवी.