फायर एक्झिटचा जिना, लाल बादली आणि ऑफिसातल्या धुराशी सहा महिने (माझा अनुभव)

आधीच सांगून टाकतो, मी स्वतः अकरा वर्षं सिगरेट ओढलीये, त्यामुळे हे कुणा सोवळ्या माणसाचं पुराण समजू नका. सोडून आता बरीच वर्षं झाली, पण सोडल्यावर नाक एवढं तिखट होतं की दोन मजले खाली कुणी पेटवली तरी कळतं, आणि आमच्याकडे तर दोन मजले लांबच राहिले, दाराबाहेरच चालू असायचं.

ऑफिस पुण्यात बाणेर साइडला. पाच मजली बिल्डिंग, मजल्यागणिक वेगळी कंपनी, आम्ही तिसऱ्यावर. मागच्या बाजूला फायर एक्झिटचा जिना, त्याचं जड दार खरं तर आपोआप बंद व्हायला पाहिजे, पण ते कायम उघडं कारण त्याला वाळूची लाल बादली अडकवलेली. म्हणजे आग विझवायच्या बादलीने आगीचंच दार उघडं ठेवलेलं! आणि त्या वाळूत उदबत्त्या खोचाव्यात तशी थोटकं खोचलेली, ओळीने. कुणीतरी अगदी निगुतीने लावत असावं असं वाटायचं.

पावसाळ्यात खिडक्या बंद, एसी चालू, त्यामुळे जिन्यातला धूर सरळ आमच्या अकाउंट्समध्ये. शेजारच्या टेबलवरची मुलगी दम्याची, तिचा पंप आधी पर्समध्ये असायचा तो जुलैपासून कीबोर्डशेजारी आला. ती स्वतः काही बोलत नव्हती, नवीन होती, प्रोबेशनवर. मी सिक्युरिटीवाल्या मामांना सांगितलं तर ते म्हणाले, "साहेब, फुंकणारे पण साहेबच आहेत, मी कुणाला हटकू?" मुद्दा बरोबर होता.

मग एचआरला मेल टाकला. दोन दिवसांनी सगळ्यांना 'काइंड रिमाइंडर' गेला आणि दारावर ए-फोर साइजचा नो स्मोकिंगचा कागद चिकटला. आठवड्याभरात त्या कागदाच्या कोपऱ्याला कुणीतरी सिगरेटने भोक पाडलं. तेव्हा मात्र डोकं फिरलं आणि त्या रात्री बसून मी कायदा वाचला, आणि खरं सांगतो, तोपर्यंत मलाही वाटायचं की ही बंदी फक्त थिएटर, हॉस्पिटल, रेल्वे वगैरेपुरती आहे.

तर सिगरेट-तंबाखूवरचा कायदा २००३ चा, ज्याला सगळे कोटपा म्हणतात, त्याचं कलम ४. त्याच्याही आधी २ नोव्हेंबर २००१ ला सुप्रीम कोर्टाने, आपल्या मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर, सार्वजनिक ठिकाणी सिगरेट ओढायला बंदी घातली होती. पण आमच्या कामाचे ते २००८ चे नियम, २ ऑक्टोबरपासून म्हणजे गांधी जयंतीपासून लागू झालेले, कारण त्यात वर्कप्लेस हा शब्द स्पष्ट आहे. आणि बोर्डाचं मापसुद्धा दिलंय, कमीत कमी ६० सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटर, पांढरी पाटी, त्यावर लाल गोल, आणि तो प्रत्येक दारापाशी, प्रत्येक मजल्यावर, लिफ्टपाशी, आणि जिन्यातसुद्धा. जिना हा शब्द वाचून मला लॉटरी लागल्यासारखं झालं. शिवाय ॲशट्रे, काडेपेटी, लायटर असलं काही तिथे ठेवायचं नाही. आता बादलीला ॲशट्रे म्हणायचं की नाही यावर वाद घालणारेही आमच्याकडे निघाले, पण ते असो.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गेलो आणि एचआर मॅडमना दाखवलं, तुमचा कागद ३० बाय २१ आहे. त्या हसल्या. मग त्यांना नियमांच्या शेवटचा तक्ता दाखवला, कुठल्या जागी दंड कोण घेऊ शकतं त्याचा. स्टेशनात स्टेशन मास्तर, पोस्टात पोस्टमास्तर, शाळा-कॉलेजात प्रिन्सिपल, आणि खासगी ऑफिसात प्रमुख किंवा एचआर मॅनेजर. आता हसायचं बंद झालं. "म्हणजे मी पावतीपुस्तक घेऊन जिन्यात उभी राहू का?" मी म्हटलं मॅडम, उभ्या राहू नका, पण अधिकार तुमचा आहे एवढं तरी लोकांना कळू द्या. त्यांनी चेंडू बिल्डिंग मॅनेजमेंटकडे टोलवला, जिना कॉमन एरियात येतो म्हणून. मॅनेजमेंट म्हणे ओढणारे तुमच्याच कंपन्यांचे आहेत. झालं, महिनाभर नुसते मेल.

या काळात मी एक काम केलं, रोज संध्याकाळी निघताना बादलीतली थोटकं मोजून एक्सेलमध्ये टाकायची. तारीख, वेळ, मजला, आकडा. फोटो फक्त बादलीचा, माणसांचे चेहरे मुद्दाम टाळले, कारण चेहरे आले की विषय धुराचा राहत नाही, भांडणाचा होतो. कलीग लोकांनी मला 'थोटकेसाहेब' नाव ठेवलं. ठेवा म्हटलं. २३ वर्किंग डेज, २१२ थोटकं. आणि नियमात असं आहे की तक्रार आल्यावर मालकाने किंवा इनचार्जने काही केलं नाही तर जेवढे गुन्हे तेवढा दंड त्याच्यावरही बसू शकतो. ओढणाऱ्याला दंड जास्तीत जास्त २०० रुपये, म्हणजे २१२ गुणिले २००, ४२,४०० रुपये. हा हिशोब कुठल्या कोर्टात टिकला नसता हे मलाही माहीत होतं, थोटकं म्हणजे काही पंचनामा नव्हे, पण बिल्डिंग मॅनेजरला मेलमध्ये हा आकडा दिसला आणि चार दिवसांत मीटिंग लागली, जी आधी दोन महिने लागत नव्हती.

आणि मीटिंगमध्ये आला तोडगा. चौथ्या मजल्यावरची जुनी सर्व्हर रूम रिकामी आहे, तिथे एक्झॉस्ट बसवून स्मोकिंग रूम करू, जिना मोकळा, सगळे खूश. खरंच सगळे खूश झाले, एचआर मॅडम खूश, सुट्टा ग्रुप खूश, दम्यावाली मुलगीसुद्धा हळूच म्हणाली चालेल की सर. मीही हो म्हणणार होतो, अक्षरशः तोंडावर आलं होतं. पण कोपऱ्यात हाउसकीपिंगच्या मावशी चहाचे कप गोळा करत होत्या, आणि डोक्यात आलं की त्या खोलीत झाडू मारायला कोण जाणार? यांचाच नंबर लागणार ना.

म्हणून म्हटलं थांबा, कायदा बघू. स्मोकिंग एरियाची सवलत आहे ती ३० किंवा जास्त खोल्यांच्या हॉटेलला, ३० किंवा जास्त लोक बसतील अशा रेस्टॉरंटला, आणि एअरपोर्टला. बस. ऑफिस त्यात नाहीच. आणि ज्यांना सवलत आहे त्यांनाही चारी बाजूंनी भिंती, आपोआप बंद होणारं दार, धूर थेट बाहेर, ती हवा बिल्डिंगच्या एसीत परत फिरता कामा नये, इतक्या अटी आहेत. त्यावर दुसऱ्या मजल्यावरचे एक साहेब, हुशार माणूस, म्हणाले आपल्या कँटीनमध्ये चाळीस खुर्च्या आहेत, म्हणजे आपण पण रेस्टॉरंटच की! सगळे हसले, पण ते गंभीर होते हो. मी वाद घातला नाही, फक्त म्हटलं ठीक आहे सर, ऑफिसात स्मोकिंग रूम कायदेशीर आहे असं लेटरहेडवर सही करून द्या, मी गप्प बसतो. लेखी द्या म्हटल्यावर आपल्याकडे विषय कसा थंड होतो ते तुम्हाला माहीतच आहे. सर्व्हर रूममध्ये आता जुन्या खुर्च्या ठेवल्यात.

फायर दाराचं मात्र वेगळ्या कारणाने मार्गी लागलं. २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईत कमला मिलला आग लागून १४ माणसं गेली, चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्यावर बोट ठेवलं गेलं, आणि २०१८ मध्ये महाराष्ट्राने याच कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लर बंद केले. आमच्याकडे ऑगस्टमध्ये फायर ऑडिटवाले आले तेव्हा ती आग डोक्यात ठेवून मी एवढंच विचारलं, दाराला बादली चालते का? संध्याकाळी बादली हुकवर.

पण ओढणारे थांबले नाहीत, बादली गेली तर थोटकं पायरीवर. मग जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्षाला साधं मराठीत एक पानी पत्र दिलं, सोबत एक्सेलची प्रिंट, आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून घेतला (हा शिक्का विसरू नका रे बाबांनो). तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं. तोवर आणखी एका ऑफिसात माहिती अधिकारात विचारून ठेवलं होतं, आमच्या भागात वर्षभरात या कलमाखाली किती दंड झाला म्हणून, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, अर्ज दीडशे शब्दांच्या आत. उत्तर एका शब्दात आलं: निरंक. म्हणजे शून्य. ते मी फ्रेम करून ठेवणार होतो.

महिन्याभराने दोन माणसं पाहणीला आली. योगायोगाने लँडिंगवर दोघे सापडले, दोनशे-दोनशेची पावती फाटली. त्यातला एक माझा जेवणाच्या टेबलवरचा मित्र. आठ दिवस बोलला नाही, मग स्वतःच येऊन म्हणाला, "भावा, दोनशेचं काही नाही, पण पावतीवर बापाचं नाव पण लिहून घेतलं." २०२० च्या दुरुस्तीच्या मसुद्यात हा दंड २,००० करायचं आणि ती हॉटेल-एअरपोर्टची सवलतही काढायचं होतं, लोकांच्या सूचनासुद्धा मागवल्या होत्या, मसुदा तिथेच राहिला. आमच्याकडे पावती अजून २०० चीच.

आता बोर्ड. मापाचे बोर्ड करून द्यायला पेंटर लगेच तयार, अडलं ते नावावर. तक्रार कुणाकडे करायची त्या माणसाचं नाव बोर्डावर लागतं, आणि ते नाव द्यायला बिल्डिंगमध्ये एक माणूस तयार होईना. एचआर म्हणे मॅनेजरचं टाका, मॅनेजर म्हणे सिक्युरिटी सुपरवायझरचं, तो गावाला गेलेला. कुणीतरी म्हणालं थोटकेसाहेबांचंच टाका. मी म्हटलं टाका, पण मग पावतीपुस्तक पण माझ्याकडे द्या. शेवटी दिवाळीनंतर मॅनेजरचं नाव आणि मोबाइल नंबर टाकून सहा बोर्ड लागले, आणि जिना बऱ्यापैकी स्वच्छ झाला, एक्सेलमध्ये आठवड्याला दोन-तीनवर आलंय. मंडळी आता गेटबाहेरच्या टपरीवर जातात.

परवा लिफ्टची वाट बघत बोर्ड नीट वाचला. मोबाइल नंबरचे आकडे नऊच आहेत. खाली-वर जाऊन सहाही बघितले, सगळीकडे नऊ. पेंटरला फोन केला तर म्हणतो, मला व्हॉट्सॲपवर जसा आला तसा मी लिहिला. सोमवारी मेल टाकलाय, सहाही बोर्डांचे फोटो जोडून.