निघोजचे रांजणखळगे: नऊ वाजले की कॅमेरा आवरा

"दुपारी या, आरामात सगळं दिसतं," असं मला छातीठोकपणे सांगण्यात आलं होतं. दिसतं, पण फोटोत उतरत नाही. ऊन डोक्यावर आलं की नदीच्या खडकात कोरलेल्या या रांजणासारख्या खळग्यांच्या काठावर पांढरा भगभगाट आणि आत काळं भोक. ज्याच्यासाठी एवढं यायचं तो दगडाचा पोत मधल्यामध्ये गायब.

पुण्याहून नव्वदेक किलोमीटर. नगर रस्त्याने शिरूर, तिथून निघोज. वाघोलीची कोंडी टाळायची तर पहाटे चारलाच निघा. बाकी रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

कुकडी नदीच्या पात्रात, मळगंगा देवीच्या देवळापाशीच खळगे सुरू होतात. पुराच्या भोवऱ्यात अडकलेले गोटे गरगरत राहून बेसॉल्ट, म्हणजे इथला काळा खडक, कोरत गेले. म्हणून आतली भिंत घोटल्यासारखी गुळगुळीत, काठ मात्र धारदार, आणि वरच्या सपाटीवर मधूनच बारीक छिद्रं. हे तिन्ही पोत वेगळे दिसतात ते फक्त सकाळी नऊच्या आतल्या तिरप्या उन्हात. एका खळग्याचा काठ फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यातून आत घ्या आणि त्याचा वाक पुढच्या खळग्याला जाऊन मिळू द्या. आकाश कापूनच टाका. लाल टी-शर्टातला मित्र मध्ये उभा करायचा मोहही टाळा, सगळी नजर तोच खातो. आकाराचा अंदाज द्यायला तळातला एखादा गोटा पुरतो.

काळा दगड कॅमेऱ्याच्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला फसवतो, फोटो राखाडी येतो. एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप खाली, म्हणजे फोटो थोडा गडद, ठेवा. ओल्या दगडावर पोलरायझर, म्हणजे चमक कमी करणारा फिरता फिल्टर, हवाच, पण पूर्ण फिरवू नका. सगळी चमक मारली तर दगड सिमेंटचा वाटतो.

आता ती कड. दोन खळग्यांमधून जाणारी, जेमतेम पाऊल मावेल एवढी, पाण्याने पॉलिश झालेली. पाठीवर बॅग, हातात ट्रायपॉड घेऊन तिच्यावर जाऊ नका. जाऊच नका. माझे चांगल्या ग्रिपचे बूटसुद्धा तिथे सरकले आणि पुढचा अर्धा तास पाय लटपटत होते. पलीकडे जे मिळतं ते अलीकडेही मिळतं.

"खास जागा दाखवतो" म्हणून एक जण मागे लागला. तीनशे रुपये घेतले आणि नेलं कुठे, तर सगळे सेल्फी काढतात तिथेच! दमडी देऊ नका.

पावसाळ्यात खळगे पाण्याखाली असतात, डिसेंबरनंतर जा. वरच्या धरणातून आवर्तन, म्हणजे शेतीचं पाणी, सुटलंय का, हे गावात चहा घेतानाच विचारून घ्या. चैत्रातल्या यात्रेत फक्त देवीसाठी जा, फोटोंसाठी नको.

नदीवरच्या झुलत्या पुलावरून लांब लेन्सने वरून घेतलेल्या फ्रेम सगळ्यात सरस आल्या. मात्र लोक चालू लागले की पूल हलतो. शटर १/५०० सेकंदापेक्षा हळू नको, आणि ट्रायपॉड तर तिथे उघडूच नका.