तुम्ही विचारलंत म्हणून: पडके शहर कुठून आणायचे?

छायाचित्रण शिकवतो म्हणून नाशिकमधली लघुपट करू पाहणारी मुले-मुली माझ्याकडे येतात, आणि त्यांतली बरीच जण एकच प्रश्न विचारतात: जगाचा नाश झाल्यानंतरची गोष्ट सांगायची आहे, विज्ञानकथा आहे, खिशात पैसे नाहीत, तर कोणता सिनेमा बघू? मी बहुतेक वेळा 'ला जेते' हे नाव सांगतो. बघून झाल्यावर तीच मुले परत येतात आणि त्यांचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा चांगला असतो: सर, हा सिनेमा खरोखर चांगला आहे, की नुसताच नावाजलेला आहे? याचे उत्तर तोंडी देताना दर वेळी काहीतरी निसटते, म्हणून ते इथे सविस्तर लिहितो आहे.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडी माहिती. क्रिस मार्कर या फ्रेंच दिग्दर्शकाने १९६२ साली केलेला हा २८ मिनिटांचा चित्रपट जवळजवळ पूर्णपणे स्थिर, कृष्णधवल छायाचित्रांचा बनलेला आहे. चित्रे एकामागून एक येतात आणि एक निवेदक गोष्ट सांगत राहतो. तिसऱ्या महायुद्धात पॅरिस बेचिराख झाले आहे, वर किरणोत्सर्ग असल्यामुळे वाचलेली माणसे जमिनीखालच्या भुयारांत राहतात, आणि युद्ध जिंकलेले लोक तिथे कैद्यांवर कालप्रवासाचे प्रयोग करतात. एका कैद्याच्या मनात लहानपणी विमानतळाच्या गच्चीवर पाहिलेला एका स्त्रीचा चेहरा घट्ट रुतून बसलेला असतो. त्या आठवणीचा दोर धरून त्याला भूतकाळात सोडले जाते. शेवट सांगत नाही, कारण तो सांगितला तर तुम्ही शेवटाचीच वाट पाहत बसाल आणि मधला भाग, जो खरा शिकण्यासारखा आहे, हातचा जाईल.

आता गुण. पहिला गुण असा की ज्या गोष्टीसाठी आपली मुले सगळ्यांत जास्त धडपडतात तिच्यावर या माणसाने सगळ्यांत कमी वेळ घालवला आहे. उद्ध्वस्त पॅरिसची चित्रे मोजकीच आहेत: कोसळलेल्या इमारती, फुटलेली विजयकमान, मागे चर्चमधल्या समूहगानाचे सूर. थोड्याच वेळात ती संपतात आणि आपण भुयारात उतरतो. त्या काळच्या युरोपातल्या प्रेक्षकाला बॉम्बने पडलेले शहर कसे दिसते हे समजावून सांगण्याची गरजच नव्हती, कारण दुसरे महायुद्ध संपून वीस वर्षेही झाली नव्हती. भुयारातले प्रयोग करणारे लोक आपापसांत जर्मन भाषेत कुजबुजतात, आणि त्या कुजबुजीतून छळछावण्यांची सगळी भीती कोणताही सेट न लावता पडद्यावर येते.

आपल्याकडे याच्या उलट घडते. अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतली एखादी बंद पडलेली शेड शोधायची, ऑनलाइन मागवलेला गॅस मास्क काळा रंगवायचा, उन्हाळ्यात गंगापूर धरणाचे पाणी ओसरले की भेगाळलेल्या मातीवरून एका मित्राला चालत जायला सांगायचे, आणि संकलनात सगळ्यावर पिवळट रंग चढवायचा, एवढे केले की जगाचा शेवट झाला असे मानले जाते. (पांडवलेण्यांत चित्रीकरण करायचा बेत असेल तर आधी पुरातत्त्व खात्याची परवानगी काढा, ते संरक्षित स्मारक आहे.) या दृश्यांत छायाचित्रण अनेकदा उत्तम असते, हे मी मनापासून सांगतो. पण ती पाहून काही गेले असे वाटत नाही, कारण तिथे आधी काय होते हे आपल्याला कोणी दाखवलेलेच नसते. बंद शेड ही बंद शेडच दिसते.

मार्करने आपला जवळजवळ सगळा वेळ हरवलेल्या जगावर घालवला आहे, आणि माझ्या मते चित्रपटाचे बळ तिथेच आहे. कैदी भूतकाळात पोहोचतो तेव्हा त्याला दिसते काय, तर शांततेच्या काळातली एक सकाळ, एक झोपायची खोली, खरीखुरी मुले, खरे पक्षी, खरी मांजरे. यांतल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही. पण आपण नुकतेच भुयारातून आलेलो असतो, त्यामुळे मांजराच्या साध्या छायाचित्राकडेही आपण हावरेपणाने पाहतो. २०१६ च्या उन्हाळ्यात रामकुंड कोरडे पडले होते तेव्हाची छायाचित्रे अनेकांनी काढली. कुंडाचा कोरडा तळ बाहेरगावच्या माणसाला निव्वळ दगडी हौद वाटेल; ज्याने तिथे बाराही महिने माणसे स्नान करताना पाहिली आहेत त्यालाच तो असह्य वाटतो. चित्रपट करणाऱ्याचे काम असे की बाहेरगावच्या माणसालाही दोन-चार मिनिटांत आतला करून घ्यायचे, आणि ते काम कोरड्या तळाच्या आणखी छायाचित्रांनी होत नाही.

दुसरा गुण स्थिर चित्रांचा. मुले विचारतात की ही नुसती काटकसर होती का? काटकसर असेलही, पण गोष्ट आठवणीबद्दल आहे आणि आठवण बहुधा तुटक चित्रांच्याच रूपात येते, त्यामुळे जी अडचण ठरली असती ती इथे कारण बनली आहे. संग्रहालयाचा प्रसंग पुन्हा पाहा. तो पुरुष आणि ती स्त्री प्राणिसंग्रहालयात नव्हे, तर पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या दालनात हिंडत आहेत. काचेमागे पक्षी, मोठाली जनावरे, आणि त्यांच्यासमोर ही दोघे हसत, बोट दाखवत उभी. छायाचित्रात जनावरेही थांबलेली आणि माणसेही थांबलेली, त्यामुळे कोण जिवंत आणि कोण केव्हाच मेलेले हा फरक क्षणभर पुसला जातो. हाच प्रसंग चालत्या चित्रात घेतला असता तर दोघे संग्रहालयात फिरायला गेली, एवढाच त्याचा अर्थ उरला असता.

आणि ते एकच हलते दृश्य. अंथरुणावर झोपलेल्या त्या स्त्रीच्या चेहऱ्याची छायाचित्रे डिझॉल्व्ह होत एकमेकांत मिसळत जातात, पक्ष्यांचा किलबिलाट वाढत वाढत जवळजवळ कर्कश होतो, आणि मग ती डोळे उघडते, पापण्या हलतात. जेमतेम काही सेकंद. लगेच कट, आणि समोर भुयारातल्या प्रयोगप्रमुखाचा चेहरा. हे दृश्य वर्गात दाखवताना मी मुलांना पडद्याऐवजी शेजाऱ्याकडे पाहायला सांगतो. बहुतेक जण त्या क्षणी नकळत पुढे झुकलेले असतात. इतका वेळ हालचाल रोखून धरल्यामुळे एका पापणीला ही किंमत आली आहे.

नाशिकच्या माणसाला यात फार परके वाटायचे कारण नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके पेशाने आधी छायाचित्रकार होते, आणि 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर येण्यापूर्वी त्यांनी कुंडीतल्या रोपट्याची एकेक चौकट टिपत 'अंकुराची वाढ' हा छोटा चित्रपट तयार केला होता. तो दाखवून त्यांनी भांडवल उभे केले. एकेका स्थिर चित्रातून काळ दाखवता येतो, हे त्यांना पुरते ठाऊक होते. फाळके स्मारकात सहलीला जाऊन आलेल्या मुलांना हा भाग कोणी सांगत नाही, याचे मला वाईट वाटते.

तिसरा गुण ध्वनीचा, आणि तो मी थोडक्यात आटोपतो, कारण मुलांना तो सांगून पटत नाही, करून पटतो. प्रयोगाच्या वेळी ऐकू येणारे हृदयाचे ठोके आणि ती कुजबुज काढून टाकली तर भुयारात उरतात ती अंधारात उभी असलेली काही माणसे. कालप्रवासाचे यंत्र म्हणून मार्करकडे होते काय, तर एक झुला, डोळ्यांवर बांधलेल्या वायरी जोडलेल्या पट्ट्या आणि एक सुई. ते यंत्र खरे वाटते ते ध्वनीमुळे. तुमचा निम्मा खर्च कॅमेऱ्याच्या भाड्यात जातो आणि आवाज मोबाइलवर, वाऱ्यासकट, भरला जातो. हे मी बोलून थकलो आहे.

आता दोष, आणि ते किरकोळ नाहीत.

भविष्यकाळाचा भाग सरळसरळ फसलेला आहे. कैद्याला पुढे भविष्यात पाठवले जाते, तिथल्या लोकांकडून उद्योगधंदे पुन्हा सुरू करण्यापुरते ऊर्जेचे साधन मिळवायचे असते. पडद्यावर दिसतात काळ्या पार्श्वभूमीवरचे काही चेहरे, कपाळावर एक छोटीशी चकती लावलेले. आपल्याकडच्या प्रेक्षकाला ती टिकलीच वाटते आणि नेमक्या गंभीर जागी हशा पिकतो. पण टिकली नसती तरी हा भाग पडलाच असता. भविष्यातल्या लोकांची कोणालाच आठवण नाही. त्यांच्या सकाळी, त्यांची मांजरे, त्यांच्या खोल्या आपण पाहिलेल्या नाहीत. जी युक्ती भूतकाळासाठी अचूक चालली तिला इथे धरायला काहीच मिळत नाही, मग निवेदकाला सगळे शब्दांत उरकावे लागते. ऊर्जेचे साधन मिळते तेही इतक्या सहज की प्रश्न पडतो, हे लोक आधीपासून का देत नव्हते?

निवेदनावरचा भार हा दुसरा दोष. एरवी ते निवेदन संयत आणि सुरेख आहे. तरीही काही ठिकाणी चित्र आधीच जे सांगते आहे तेच आवाज पुन्हा सांगतो, आणि काही ठिकाणी चित्र इतके मोघम आहे की आवाज बंद केला तर काय चालले आहे ते कळणार नाही. विज्ञानकथा म्हणून पाहिले तर प्रयोगाचे विज्ञान जवळजवळ शून्य आहे. तीव्र आठवण असलेला माणूस काळातून जाऊ शकतो हे गृहीतक मांडले आणि पुढे निघाले. मला ते चालते, कारण गृहीतक एकच आहे आणि शेवटपर्यंत मोडलेले नाही. ज्यांना यंत्र कसे चालते ते जाणून घ्यायचे असते त्यांना ते चालणार नाही, आणि त्यांची तक्रार रास्त आहे.

सगळ्यांत मोठा दोष मात्र त्या स्त्रीचा. हा मुद्दा मला स्वतःला सुचलेला नाही, वर्गातल्या एका मुलीने तो काढला आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही. ती स्त्री संपूर्ण चित्रपटात स्वतः काही बोलत नाही. अधूनमधून येणाऱ्या आणि न सांगता निघून जाणाऱ्या या अनोळखी माणसाबद्दल तिला भीती वाटते का, ती घरी कोणाला त्याच्याविषयी सांगते का, तिचे काम काय, यांतले काहीही आपल्याला कळत नाही. ती एक चेहरा आहे. याचे समर्थन करता येते की ती त्याची आठवण आहे, आणि आठवणीतली माणसे आपल्याला हवी तशीच वागतात. पण चित्रपट तिच्या डोळे उघडण्याला एवढे महत्त्व देतो, आणि डोळे उघडल्यावर तिला काय दिसले ते मात्र विचारतही नाही.

१९९५ साली टेरी गिलियमने याच बीजावरून '१२ मंकीज' केला, सुमारे २ कोटी ९० लाख डॉलर खर्चून. त्यात विनाशाचे कारण म्हणून विषाणू आला, मोठे नट आले, ओसाड शहरातून हिंडणारे प्राणी आले. मला त्यातली एकच सुधारणा मोलाची वाटते: तिथली स्त्री मानसोपचारतज्ज्ञ आहे, ती त्या माणसावर अविश्वास दाखवते, भांडते, शंका घेते, आणि मग हळूहळू तिचीच खात्री डळमळू लागते. या सुधारणेला एक डॉलरही लागला नसता. मार्करच्या २८ मिनिटांत तिची चार वाक्ये सहज बसली असती. म्हणून पैशांअभावी राहिलेला दोष आणि लक्षाअभावी राहिलेला दोष हे मी वेगळे धरतो. भविष्यकाळाचे कच्चे चेहरे मी पहिल्या खात्यात टाकतो आणि बऱ्यापैकी माफ करतो. स्त्रीचे मुकेपण दुसऱ्या खात्यातले आहे. तुमच्या पटकथाही मी याच नजरेने वाचतो. मास्क खोटा दिसतो याबद्दल मी सहसा काही बोलत नाही. पण मास्क घातलेल्या मुलाची बहीण दुसऱ्या पानावर मरते आणि त्याआधी तिला एकही वाक्य नसते, तेव्हा पटकथा परत करतो.

तर चांगला की नावाजलेला, याचे माझे उत्तर चांगला असेच आहे. पहिल्यांदा पाहाल तेव्हा इंग्रजी निवेदनाची आवृत्ती मिळाली तर ती घ्या, म्हणजे नजर उपशीर्षकांवर न जाता चित्रावर राहील. दुसऱ्यांदा पाहताना आवाज पूर्ण बंद करा आणि वहीत दोन रकाने करून कोणती चित्रे स्वतःच्या बळावर उभी राहतात आणि कोणती पडतात ते लिहीत जा. संग्रहालय आणि झोपायची खोली उभी राहतात, भुयार अर्धेमुर्धे उभे राहते, भविष्यकाळ पडतो. पडक्या पॅरिसबद्दल मात्र मुलांचे एकमत होत नाही, आणि त्या वादात मी अजून पंच झालेलो नाही.