पाच की आठ?

मोडी वाचणाऱ्याला आमच्या जिल्ह्यात २०२३ पर्यंत कुणी फारसं विचारत नव्हतं. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि तहसील कचेऱ्यांतले वर्षानुवर्षं न सुटलेले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले दप्तराचे गठ्ठे, सुटले. मग एकदम सगळ्यांना आठवलं, की गावात मोडी येणारा कुणीतरी आहे. तेव्हापासून माझा बराचसा दिवस कोतवाल बुकात जातो. कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना चौदा. गावात कोण जन्मलं आणि कोण मेलं, याची कोतवालानं ठेवलेली नोंदवही. जात, वय, बापाचं नाव, कशानं मेला, एवढं सगळं एका ओळीत. शाई बरी असते, कागद कसरीनं खाल्लेला असतो.

त्याच धांदलीत इस्रायलमधून फोन आला. पलीकडून अस्सल कुलाबा जिल्ह्याची मराठी. “काय रे बाबा, तू मोडी वाचतोस ना? मग माझी पणजी शोधून दे.” बाई ऐंशीच्या पुढच्या. लहान वयात आईबापांबरोबर तिकडं गेलेल्या. पहिल्याच फोनमध्ये त्यांनी मला ‘तू’ केलं आणि मी त्यांना मावशी म्हणायला लागलो.

बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या यहुदी लोकांचं काम मी तोवर केलं नव्हतं, पण अलिबागच्या परिसरात वाढलेल्याला ते परके नाहीत. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, ही गोष्ट इथं पोराटोरांनाही माहीत असते. त्यांचा धंदा तेलाचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून नाव पडलं शनवार तेली. आडनावं आपल्यासारखीच गावावरून: दिवेकर, पेणकर, झिराडकर, रोहेकर. १७९६ साली मुंबईत मांडवीला पहिलं सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनागृह, बांधलं, त्या सामाजी हसाजी दिवेकरांचं इंग्रजी कागदांतलं नाव सॅम्युएल एझेकिएल. मशीद बंदर स्टेशनाच्या नावातली मशीद ती हीच.

हा सामाजी-सॅम्युएलचा मामला या शोधात सगळ्यात आधी समजून घ्यावा लागतो. गावात हसाजी, सिनेगॉगमध्ये यहेज़केल, रेल्वेच्या किंवा पलटणीच्या हजेरीपटावर एझेकिएल. त्यात मुंबईच्या साहेबी कचेऱ्यांत बापाचं नावच आडनाव होऊन बसलं आणि गावाचं ‘कर’ गळून पडलं. पलटणीत असलेल्या माणसाचं एक बरं असतं. कबरीवर हुद्दा आणि पलटण कोरलेली असते, त्या धाग्यानं पेन्शनीच्या कागदापर्यंत जाता येतं. मावशींचे पणजोबा पलटणीत नव्हते. पासपोर्टांवरच्या एझेकिएलपासून कोकणातल्या हसाजीपर्यंत मागं यायलाच आमचा पावसाळा गेला.

पण त्यांना हसाजी नको होता, हसाजीची बायको हवी होती.

झालं होतं असं. मावशींचं लग्न इस्रायलमध्ये ठरलं ते नेमकं १९६२ नंतरच्या गदारोळात. त्या वर्षी तिथल्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या, मंडळानं आदेश काढला होता, की बेने इस्रायली माणूस समाजाबाहेरच्या यहुद्याशी लग्न करणार असेल तर त्याच्या आईच्या बाजूनं मागं मागं जाऊन चौकशी करावी. लोक चिडले. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला धरणं धरलं, संसदेत चर्चा झाली, तेव्हा कुठं त्या आदेशातून समाजाचं नाव निघालं. मावशींचं लग्न लागलं, पण त्या चौकशीच्या दिवसांत घरातल्याच एका वडीलधाऱ्या बाईनं तोंड उघडलं होतं: “हिची पणजी आपल्यातली नव्हेच. हसाजीनं दुसरी केली होती, बाहेरची. हिची आजी त्या दुसरीची.” रब्बी विसरले, कागद मिटले, ते वाक्य साठ वर्षं तसंच राहिलं.

आता यातली गंमत म्हणा किंवा वैताग म्हणा, तो असा. यहुदीपण आईकडून येतं आणि कागद मात्र सगळे बापाच्या नावानं चालतात. कतुब्यात, म्हणजे लग्नाच्या करारपत्रात, वधूच्या बापाचं नाव, आईचं नाही. आजीचा शाळेचा दाखला मिळाला, मुंबईच्या इस्राएली शाळेचा, जिला पुढं सर एली कदूरी शाळा म्हणायला लागले. त्यावर जन्म १९०८, बाप एझेकिएल, आई कुठंच नाही. कोतवाल बुकात जन्माच्या नोंदीलाही बहुतेक वेळा बापाचं नाव आणि पुढं नुसतं ‘मुलगी’. आई सापडायची तर ती मेल्यावरच. मृत्यूच्या ओळीत बाई नावानं येते, अमुक कोम अमुक, म्हणजे अमक्याची बायको. आणि कबरीवर येते ती बापाच्या नावासह.

हिवाळ्यात मावशी स्वतःच आल्या, मुलाला घेऊन. मुलगा साठीचा, मराठी ‘चला’ आणि ‘बस्स’ इतकीच. अलिबागहून रेवदंड्याकडं जाताना एका गावाबाहेर त्यांची जुनी दफनभूमी आहे, तिथं आम्ही सकाळी उजाडता उजाडता पोचलो. इतक्या लवकर जाण्याचं कारण ऊन. झिजलेली अक्षरं दुपारच्या उन्हात दिसत नाहीत. सूर्य खाली असताना उजेड दगडावर आडवा घसरतो आणि खोदलेल्या रेषेत सावली भरते. तारेचा ब्रश, खडू, अ‍ॅसिड यांतलं काहीही दगडाला लावायचं नाही, हे मी सगळ्यांना सांगतो आणि अर्धे लोक ऐकत नाहीत. साधं पाणी, मऊ कुंचा, एक आरसा. बास.

बऱ्याच कबरींवर काही लिहिलेलंच नाही, नुसते काळे धोंडे. लिहिलेल्यांत हसाजीच्या घरची एक होती. वर हिब्रू, खाली मराठी. मराठी ओळ जमिनीत गेली होती. देखभाल करणाऱ्यांना विचारून चार बोटं माती बाजूला केली तेव्हा नाव आणि वय वर आलं: राहेल, हसाजीची बायको, वय २४. मराठीत तारीख नाहीच. तारीख वरच्या हिब्रूत. मुलानं घडाघडा वाचली: राहेल, अब्राहामची मुलगी, आठवड्याचा दुसरा दिवस, १७ शेवाट, साल...

साल म्हणताना त्याची जीभ अडली.

हिब्रूत साल अक्षरांनी लिहितात. प्रत्येक अक्षराला किंमत असते. पाच हजार बहुधा लिहीत नाहीत, ते समजून घ्यायचे. दगडावर ताव म्हणजे ४००, रेश म्हणजे २००, सामेख म्हणजे ६०, इथपर्यंत स्वच्छ. शेवटचं अक्षर ‘हे’ असेल तर ५, ‘हेत’ असेल तर ८. दोन्ही अक्षरं म्हणजे वरून आणि दोन बाजूंनी बंद, खाली उघडी अशी चौकट. फरक एवढाच, की ‘हे’चा डावा पाय वरच्या आडव्या रेषेपासून सुटलेला असतो आणि ‘हेत’चा तिला चिकटलेला. नेमक्या त्याच सांध्यावर दगडफुलाचा खवला बसलेला, आणि तो निघाला तिथं दगडाचा टवकाही उडालेला. फट कारागिरानं ठेवली होती की खाऱ्या वाऱ्यानं पाडली होती?

५६६५ की ५६६८. शेवाट महिना जानेवारीच्या आसपास येतो, त्यामुळे ३७६० वजा करायचे: १९०५ किंवा १९०८. आजीचा जन्म १९०८ चा. राहेल १९०५ ला गेली असेल तर ती आजीची आई असूच शकत नाही आणि साठ वर्षांपूर्वीची ती बाई खरी. १९०८ असेल तर खोटी. काडीएवढ्या फटीवर सगळं येऊन थांबलं.

मुलगा म्हणाला ‘हे’. मावशी म्हणाल्या ‘हेत’. मग दोघांची हिब्रूत चांगलीच जुंपली. मी आरसा सगळ्या बाजूंनी फिरवला, फोटो काढले, मला कधी फट दिसे कधी नाही. वारावरून निकाल लावावा म्हटलं. दगडावर दुसरा दिवस आहे, म्हणजे सोमवार. फोनवर पंचांग उघडलं तर १७ शेवाट ५६६५ म्हणजे २३ जानेवारी १९०५, सोमवार. १७ शेवाट ५६६८ म्हणजे २० जानेवारी १९०८. तोही सोमवार! असं दरवेळी होत नाही. तिश्री ते किस्लेव या महिन्यांत गेली असती तर या दोन सालांचे वार वेगळे आले असते. आमच्या नशिबी शेवाट.

निघताना मुलानं त्यांच्या रीतीप्रमाणे कबरीवर एक खडा ठेवला. मावशींनी ठेवला नाही. “आधी कळू दे,” म्हणाल्या.

कचेरीत अर्ज आधीच दिलेला होता, तारीख त्याच दिवसाची मिळवलेली. अभिलेख कक्षातल्या कारकुनानं मावशींना स्वतःची खुर्ची दिली आणि त्यांच्या मराठीकडं कान लावून बसला. मी गावाचा रुमाल सोडला. १९०५ चं बूक आधी घेतलं. जानेवारीत या घराची नोंद नाही, पुढच्या-मागच्या महिन्यांतही नाही. पण न सापडणं म्हणजे नसणं नव्हे. त्या बुकाचा कोपरा कसरीनं नेलेला होता, चारदोन ओळी अर्ध्याच उरल्या होत्या. नुसत्या त्या बुकावर मी काही बोललो नसतो.

१९०८. हा कोतवाल सुवाच्य लिहिणारा नव्हता. मात्रा घाईत, ‘स’ आणि ‘म’ एकमेकांत गेलेले. जन्माच्या पानावर जानेवारीची ९ तारीख: हसाजी अबाजी, तेली, मुलगी. तेली तर गावात हिंदूही असणार. पण हसाजी आणि अबाजी ही जोडी बेने इस्रायलींची, एझेकिएल आणि अब्राहाम. शिवाय पुढच्या साली कोतवाल बदलला, त्या नव्यानं याच घराला स्पष्ट ‘शनवार तेली’ लिहिलंय. त्यामुळे घर पक्कं झालं. मी मृत्यूचं पान उलटलं. मावशी उठून माझ्या खांद्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांना मोडी वाचता येत नाही, तरी.

तारीख १९ माहे जानेवारी. राही कोम हसाजी अबाजी. जात तेली. वय वर्षे २४. बाळंतरोग.

मी मोठ्यानं वाचलं. कोतवालानं राहेल ऐकलं आणि राही लिहिलं, त्याच्या कानाला तेच ओळखीचं. मावशींनी परत वाचायला लावलं. मुलाला हिब्रूत सांगितलं, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न सरळ होता: दगडावर २० तारीख, इथं १९, मग ही तीच कशावरून?

त्या एका दिवसाच्या फरकानं माझी उरलीसुरली शंका गेली. यहुदी दिवस सूर्य मावळला की सुरू होतो. रविवारी १९ तारखेला दिवेलागणीनंतर बाई गेली, तर सिनेगॉगच्या हिशेबानं सोमवार लागलेला असतो आणि कोतवालाच्या हिशेबानं रविवारच चालू असतो. दोघांनी आपापल्या जागी बरोबर लिहिलंय. तारखा तंतोतंत जुळल्या असत्या तरी मी मान्य केलं असतं, पण इतक्या निश्चिंतपणे नाही. नवऱ्याचं नाव तेच, वय तेच, दहा दिवसांपूर्वी त्याच घरात मुलगी जन्मलेली. अक्षर ‘हेत’. फट वाऱ्यानं पाडलेली.

कारकुनानं नक्कल करायला घेतली. मी लिप्यंतर लिहून सही केली. असल्या कामात दगडाचा फोटो, मोजमाप, नकलेचा क्रमांक, सगळं एकत्र ठेवावं लागतं, नाहीतर पुढच्या पिढीत कुणीतरी पुन्हा ‘हे’ वाचतं. मावशी त्या वेळात गप्प होत्या. मला वाटलं, साठ वर्षांचा काटा निघाला, बरं वाटलं असेल. चहा आला, त्यांनी तो बशीत ओतला आणि म्हणाल्या, “म्हणजे दहा दिवसांची होती रे आजी.”

मग बोलायला लागल्या. आजीच्या तोंडी आईच्या गोष्टी पुष्कळ असायच्या. आई मलिदा कसा करायची, पोहे किती भिजवायची, अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या टापावर, त्या संदेष्ट्याच्या ठिकाणी, कशी घेऊन गेली होती, सासरी निघाले तेव्हा दाराशी उभी राहून कशी रडली. आता त्या सगळ्या गोष्टींतली आई राहेल नव्हे, हे उघड होतं. दहा दिवसांच्या पोरीला काय आठवणार. दुसरी बायको होती, एवढं त्या वडीलधाऱ्या बाईचं बरोबर होतं. फक्त पोर तिच्या पोटची नव्हती.

“बाहेरची होती की आपल्यातली, ते कळेल?” मुलानं आईमार्फत विचारलं.

मावशींनी त्याला माझ्यापर्यंत पोचूच दिलं नाही. “ते नको विचारू त्याला,” असं मराठीतच म्हणाल्या, मग त्याच्यासाठी हिब्रूत. माझ्याकडं वळल्या. “नाव काय होतं तिचं, ते बघ. आणि ठेवलीय कुठं.”

कुटुंब पुढं मुंबईला डोंगरी-उमरखाडीकडं गेलं होतं. म्हणजे आता कोतवाल बुकाचा उपयोग नाही. महापालिकेची मृत्यू नोंदवही, सिनेगॉगची दफनाची वही, आणि आडनावाच्या जागी एझेकिएल. वरळीच्या दफनभूमीतही जावं लागेल. मी वही काढली आणि आजीचं लग्न कुठल्या साली झालं, तेव्हा ती सावत्र आई हयात होती का, इथून विचारायला सुरुवात केली.